एसटीपीचं पाणी, नायट्रोजन-फॉस्फरस आणि एनजीटी: महापालिकेविरुद्ध केस नीट उभी कशी करायची

नदीत जलपर्णी वाढली की महापालिका जलपर्णी काढायचं टेंडर काढते, पुढच्या वर्षी परत तेच. पवना घ्या, मुळा-मुठा घ्या, कोल्हापूरचा रंकाळा घ्या नाहीतर मुंबईचा पवई तलाव, आणि ती वनस्पती जगते कशावर हे मात्र कुणी विचारत नाही. जगते सांडपाण्यातल्या नायट्रोजन आणि फॉस्फरसवर. आता लोकांना वाटतं की एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प) बांधला म्हणजे प्रश्न मिटला, पण आपल्याकडचे बरेच जुने प्लांट बीओडी (पाण्यातली घाण कुजायला लागणारा ऑक्सिजन) खाली आणायला बांधलेत, न्यूट्रियंट (म्हणजे हेच नायट्रोजन-फॉस्फरस) काढायला नाही, त्यामुळे बीओडी ८ आलेल्या स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातही एकूण नायट्रोजन ३० निघू शकतो आणि रिपोर्टवर तरीही 'विदिन लिमिट' लिहून येतं कारण नायट्रोजन कुणी तपासलेलाच नसतो.

म्हणून माझं म्हणणं आधीच सांगतो. अशा केसेस एनजीटीत, म्हणजे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात, ढिल्या पडतात त्या वास, फेस आणि मेलेले मासे यांचे फोटो कमी पडले म्हणून नाही, तर कोणता आकडा, कुठल्या कागदातून आला आणि या प्लांटला तो कधीपासून लागू आहे हे अर्जदाराने नीट मांडलेलं नसतं म्हणून. ते मांडलं की बाकीचं काम कष्टाचं आहे पण अवघड नाही.

आधी ठरवा भांडण नक्की कुठलं आहे

वरवर सगळ्या तक्रारी "नदी घाण झाली" अशाच असतात पण आत तीन वेगळी भांडणं आहेत. एक, मैलापाणी प्लांटपर्यंत पोचतच नाही, नाल्यातून थेट नदीत जातं किंवा प्लांटवरूनच बायपास होतं. दोन, प्लांट चालू आहे पण बाहेर पडणारं पाणी ठरलेल्या मर्यादेत नाही. तीन, पाणी मर्यादेत आहे पण मर्यादाच ढिली आहे, म्हणजे तिच्यात नायट्रोजन-फॉस्फरसचा पत्ताच नाही.

पहिलं भांडण महाराष्ट्रात सगळ्यात मोठं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या (सीपीसीबी) २०२१ च्या अहवालात राज्यात ९,१०७ एमएलडी (दशलक्ष लिटर रोज) सांडपाणी तयार होतं, बसवलेली क्षमता ६,८९० एमएलडी आणि प्रत्यक्षात प्रक्रिया होते ४,२४२ एमएलडीवर, असं दिलंय. म्हणजे प्लांट आहेत पण रिकामे चालतात कारण ड्रेनेज लाइन जोडलेली नाही. या भांडणाला न्यूट्रियंटचा मुद्दा सुरुवातीला लावूच नका, उगाच फाटे फुटतात. सुप्रीम कोर्टाचा २२ फेब्रुवारी २०१७ चा निकाल आणि त्यावरून एनजीटीने २८ ऑगस्ट २०१९ ला मूळ अर्ज ५९३/२०१७ मध्ये दिलेली ऑर्डर, ज्यात मुदत चुकली तर दर एसटीपीमागे महिन्याला लाखांत भरपाई बसते, हे दोन कागद पुरेसे आहेत.

दुसरं आणि तिसरं भांडण लोक एकत्र कालवतात आणि समोरचा वकील नेमकं तेच धरतो. तेव्हा पुढचं नीट वाचा.

आकड्यांची भानगड

पर्यावरण संरक्षण नियम १९८६ च्या शेड्यूल सहामध्ये सर्वसाधारण मर्यादा आहेत. नदी-नाल्यात सोडायचं असेल तर बीओडी ३०, सीओडी (रसायनांनी मोजलेली ऑक्सिजनची गरज) २५०, अमोनियाकल नायट्रोजन ५०, विरघळलेला फॉस्फेट ५, सगळं मिलिग्रॅम प्रति लिटर. ५० अमोनिया म्हणजे जवळजवळ कच्च्या मैलापाण्याइतकाच झाला, त्यामुळे या मर्यादेचा नदीला उपयोग शून्य.

एप्रिल २०१५ मध्ये सीपीसीबीने एसटीपीसाठी कडक आकडे काढले, बीओडी १०, सीओडी ५०, अमोनियाकल नायट्रोजन ५, एकूण नायट्रोजन १०. नोव्हेंबर २०१५ मध्ये केंद्राचा मसुदाही त्याच धर्तीवर आला. मग १३ ऑक्टोबर २०१७ ला फायनल नोटिफिकेशन आलं आणि बघतो तर काय, महानगरांना बीओडी २०, बाकीच्यांना ३०, आणि सीओडी, नायट्रोजन, फॉस्फरस तिन्ही गायब. जुन्या प्लांटना वर पाच वर्षांची मुदत.

याविरुद्ध एनजीटीत मूळ अर्ज १०६९/२०१८ झाला. ट्रिब्युनलने तज्ज्ञ समितीचा अहवाल घेतला. समितीने मोठ्या शहरांसाठी बीओडी १०, टीएसएस (पाण्यातले तरंगते घन कण) २०, सीओडी ५०, एकूण नायट्रोजन १० आणि तलाव-तळ्यात पाणी सोडायचं असेल तर एकूण फॉस्फरस १ असे आकडे सुचवले होते, लहान गावांना सूट आणि जुन्या प्लांटना सात वर्षं. ३० एप्रिल २०१९ च्या ऑर्डरमध्ये एनजीटीने अहवाल मान्य केला पण दोन बदल करून, मोठ्या शहरांचेच आकडे सगळ्या देशाला लागू आणि सात वर्षांची मुदत नामंजूर, जुने, नवे, बांधकाम चालू असलेले सगळे प्लांट यात आले.

मग महापालिका काय म्हणते, आम्ही २०१७ चं नोटिफिकेशन पाळतो, तो कायदा आहे, एनजीटीची ऑर्डर म्हणजे नोटिफिकेशन नाही. हा बचाव हसण्यावारी नेऊ नका. सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्येच तुतिकोरीनच्या तांबे कारखान्याच्या प्रकरणात सांगितलंय की एनजीटीला नियम रद्द करायचा अधिकार नाही, आणि त्याच वर्षी बेंगळुरूच्या तलावांच्या बफर झोनच्या प्रकरणात एनजीटीने नियमापेक्षा जास्त घातलेली अट सुप्रीम कोर्टाने काढून टाकली. म्हणजे "२०१७ चं नोटिफिकेशन रद्द करा" अशी मागणी एनजीटीत केलीत तर पहिल्याच तारखेला अधिकारक्षेत्राचा मुद्दा निघणार. ती मागणी हायकोर्टात, राज्यघटनेच्या कलम २२६ खाली रिट करूनच.

पण यातून एक चांगली वाट आहे. २०१७ च्या नोटिफिकेशनमध्येच लिहिलंय की स्थानिक परिस्थिती बघून केंद्रीय किंवा राज्य मंडळ जास्त कडक मर्यादा घालू शकतं. त्यामुळे एनजीटीत मागणी अशी करा की एमपीसीबीने (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने) स्वतःचा हा अधिकार वापरून या प्लांटच्या कन्सेंटमध्ये (मंडळाने दिलेल्या परवानगीत) एकूण नायट्रोजन आणि फॉस्फरसची मर्यादा घालावी, ठरावीक तारखेच्या आत. यात काही रद्द करायचं नाही, मंडळाला त्याचं काम करायला लावायचंय.

आणि अर्ज टाकायच्या आदल्या आठवड्यात एप्रिल २०१९ च्या ऑर्डरची सुप्रीम कोर्टातली स्थिती केस स्टेटसवर स्वतः बघा, वकिलाच्या आठवणीवर विसंबू नका. अपील, स्थगिती काहीही असलं तरी ते अर्जात आपणहून सांगितलेलं बरं.

कन्सेंट मिळवा, सगळ्यात वजनदार कागद तोच

नोटिफिकेशनच्या वादात तासन्‌तास जातात, पण बऱ्याचदा त्या प्लांटच्या कन्सेंट टू ऑपरेटमध्येच बीओडी १० लिहिलेलं असतं. कन्सेंटमधली अट महापालिकेने मान्य केलेली असते. पटत नव्हती तर पाणी कायद्याच्या कलम २८ खाली ३० दिवसांत अपील करायचं होतं. नाही केलं? मग आता "आम्हाला ३० लागू आहे" म्हणायला तोंड नाही.

कन्सेंट एमपीसीबीच्या वेबसाइटवर बऱ्याचदा सापडतो. नाही सापडला तर पाणी कायदा १९७४ चं कलम २५(६) दाखवा. मंडळाने कन्सेंटच्या अटींचं रजिस्टर ठेवायचं असतं आणि त्या आउटलेटमुळे बाधित माणसाला ते बघायचा हक्क आहे. हे कलम ऑफिसात फार कुणाला आठवत नाही, प्रिंट घेऊन जा.

सोबत आरटीआय टाका, दहा रुपये आणि ३० दिवस. "एसटीपीबद्दल सर्व माहिती द्या" असं लिहिलंत तर "माहिती विस्तृत स्वरूपाची आहे" असं उत्तर येणार. एकेक वेगळं मागा: चालू आणि मागचा कन्सेंट, त्यासोबतचा अर्ज, गेल्या तीन वर्षांचे मंडळाने घेतलेल्या सॅम्पलचे रिपोर्ट, पाणी कायद्याच्या कलम ३३ए खालच्या (मंडळाने निर्देश द्यायच्या) नोटिसा, बँक गॅरंटी किती घेतली आणि किती जप्त केली, प्लांटचं रोजचं इनलेट-आउटलेट फ्लो रजिस्टर, वीजबिलं, ऑपरेशन-मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्ट आणि त्यातली आउटलेट क्वालिटीची गॅरंटी. वीजबिल मागायला विसरू नका, ब्लोअर (पाण्यात हवा सोडणारी यंत्रं) चालवले नाहीत की बिल लगेच खाली येतं आणि ते लॉगबुकसारखं मागाहून लिहिता येत नाही. कॉन्ट्रॅक्टही बघाच, कित्येकदा ठेकेदाराने एकूण नायट्रोजन १० ची गॅरंटी दिलेली असते, महापालिका तपासायचे पैसे वाचवते इतकंच. माहिती अधिकारात कलम २(जे) खाली कामाची पाहणी आणि सामानाचे प्रमाणित नमुने घ्यायचीही तरतूद आहे, प्लांटच्या पाहणीसाठी ती वापरून बघा.

सॅम्पल: इथे घाई केली की केस गेली

खासगी सॅम्पल आणि मंडळाचं सॅम्पल यात फरक आहे. फौजदारी कारवाईसाठी पाणी कायद्याच्या कलम २१ ची पद्धत लागते, म्हणजे अधिकाऱ्याने तिथल्या तिथे नोटीस द्यायची, सॅम्पलचे दोन भाग करायचे, सील, सह्या, वगैरे. तुम्ही घेतलेलं सॅम्पल त्या कामाचं नाही. पण एनजीटी दिवाणी प्रक्रिया संहितेला आणि पुराव्याच्या कायद्याच्या नियमांना बांधलेलं नाही, तिथे तुमचा एनएबीएल (लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्य लॅबचा रिपोर्ट प्रथमदर्शनी पुरावा म्हणून चालतो आणि संयुक्त समिती नेमायला कारण मिळतं. तुमच्या रिपोर्टकडून तेवढीच अपेक्षा ठेवा.

तीन जागा घ्या: आउटलेट, आउटलेटच्या वर नदीत, आणि खाली पाणी मिसळून गेल्यावर. वरचं सॅम्पल नसेल तर "घाण वरच्या गावाची आहे" हे उत्तर ठरलेलं, पुणे पिंपरीकडे बोट दाखवणार आणि पिंपरी वरच्या ग्रामपंचायतींकडे. शक्यतो लॅबच्याच माणसाला सॅम्पल घ्यायला लावा, त्याच्या फॉर्मवर वेळ, जागा, जीपीएस, तापमान आणि सही, आणि मोबाइलवर पूर्ण व्हिडिओ. स्वतः बाटली भरून दुसऱ्या दिवशी लॅबला नेली तर तो कागद पैसे वाया घालवून मिळवलेला कागद.

बाटल्या वेगवेगळ्या लागतात. बीओडीची बाटली बर्फात, चार अंशांच्या आसपास, आणि लवकरात लवकर लॅबला. अमोनिया आणि एकूण नायट्रोजनच्या सॅम्पलमध्ये सल्फ्युरिक ॲसिड टाकून पीएच २ च्या खाली ठेवतात. फीकल कॉलिफॉर्मला (विष्ठेतले जीवाणू) निर्जंतुक बाटली, आणि पाण्यात क्लोरीन असेल तर थायोसल्फेट, नाहीतर बाटलीतच जंतू मरतात आणि रिपोर्ट उगाच चांगला येतो. फॉस्फरसच्या बाटल्या घरच्या डिटर्जंटने धुवायच्या नाहीत, त्यात फॉस्फेट असू शकतं.

लॅबला लेखी ऑर्डर देताना पॅरामीटर नावाने लिहा: बीओडी, सीओडी, टीएसएस, अमोनियाकल नायट्रोजन, टीकेएन (अमोनिया आणि सेंद्रिय नायट्रोजन मिळून), नायट्रेट, नायट्राइट, एकूण फॉस्फरस, फीकल कॉलिफॉर्म. नुसतं "सांडपाणी तपासणी" लिहिलंत तर स्टँडर्ड पॅकेज करतात आणि त्यात न्यूट्रियंट बऱ्याचदा नसतात. आणि एनएबीएलची मान्यता लॅबला सरसकट नसते, पॅरामीटरनुसार असते. तुमचे पॅरामीटर त्यांच्या स्कोपमध्ये आहेत का ते आधी बघा, समोरचा वकील नक्की बघणार आहे.

आता एककांचा घोळ, यावर चांगल्या चांगल्या याचिका घसरतात. नायट्रेट दोन प्रकारे लिहितात, नायट्रेट म्हणून किंवा नायट्रोजन म्हणून. ४४.३ मिलिग्रॅम नायट्रेट म्हणजे १० मिलिग्रॅम नायट्रोजन, म्हणजे ४.४३ ने भागायचं. फॉस्फेटला तसंच, ३.०७ ने भागलं की फॉस्फरस. रिपोर्टवर फॉस्फेट २.५ असेल आणि तुम्ही "मर्यादा १, सापडलं २.५" असं लिहिलंत तर प्रत्यक्षात ते ०.८ आहे आणि तुमचा सगळा अर्ज संशयास्पद ठरतो. एकूण नायट्रोजन म्हणजे टीकेएन अधिक नायट्रेट अधिक नायट्राइट. नुसता अमोनिया कमी दाखवून "नायट्रोजन निघाला" असं प्लांटवाले सांगतात तेव्हा नायट्रेट विचारा, कारण हवा दिली की अमोनियाचं नायट्रेट होतं, पाण्यातून बाहेर जात नाही. ते बाहेर काढायला ऑक्सिजन नसलेला अनॉक्सिक टप्पा लागतो आणि जीवाणूंना कार्बनही लागतो. फॉस्फरस तर वायू होऊन उडतच नाही, गाळातूनच काढावा लागतो, जैविक पद्धतीने किंवा फेरिक क्लोराइड, तुरटी टाकून, आणि मग गाळ वाढतो. म्हणूनच खर्चाचं रडगाणं सुरू होतं.

नोटीस आणि मंच

एनजीटीच्या अर्जाआधी नोटीस द्यायचं बंधन नाही. तरी महापालिका आयुक्त आणि एमपीसीबीच्या सदस्य सचिवांना एक सविस्तर निवेदन द्या, लॅब रिपोर्ट जोडून, पोच घेऊन. पुढे "आम्हाला माहीतच नव्हतं" म्हणता येत नाही. फौजदारीचा रस्ता ठेवायचा असेल तर पाणी कायद्याच्या कलम ४९ खाली ६० दिवसांची नोटीस लागते. मात्र २०२४ च्या दुरुस्तीने पाणी कायद्यातल्या बऱ्याच शिक्षांचं रूपांतर १० हजार ते १५ लाखांच्या दंडात केलंय, ती दुरुस्ती सुरुवातीला हिमाचल, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांना लागू झाली आणि बाकी राज्यांनी ठराव केला की तिथे, त्यामुळे तुमच्या राज्यात आज काय आहे ते बघूनच हा रस्ता धरा. माझ्या मते न्यूट्रियंटच्या केसमध्ये फौजदारीत शक्ती घालवण्यात अर्थ नाही.

महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातसाठी एनजीटीचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे. ऑनलाइन फायलिंग होतं. भरपाई मागत नसाल तर फी १,००० रुपये, मागत असाल तर रकमेच्या एक टक्का. स्वतः उभं राहून केस चालवता येते, पण कामकाज इंग्रजीत, मराठी कागदांची भाषांतरं जोडावी लागतात आणि आरटीआयचे गठ्ठे असतील तर तो खर्च वकिलापेक्षा कमी नसतो!

मुदत सांभाळा. एनजीटी कायद्याच्या कलम १४ खाली कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिने, वर सबळ कारण दाखवलं तर ६० दिवस. कलम १५, म्हणजे भरपाई आणि पर्यावरण पूर्ववत करणं, याला पाच वर्षं. लोक "प्रदूषण रोज चालू आहे" एवढ्यावर भागवतात. त्यापेक्षा दोन्ही कलमं लावा आणि ताज्या तारखा द्या, मंडळाचा अमुक तारखेचा नापास रिपोर्ट, अमुक तारखेला अटीशिवाय झालेलं कन्सेंटचं नूतनीकरण. कन्सेंटच्या आदेशालाच अपीलात आव्हान द्यायचं असेल तर तिथे मुदत ३० दिवसांचीच आहे, हे वेगळं लक्षात ठेवा.

प्रतिवादी: महापालिका, एमपीसीबी, सीपीसीबी, नगरविकास विभाग, आणि पाणी धरणात जात असेल तर जलसंपदा. ठेकेदाराला घ्या, पण त्याच्यावरच सगळं ढकललं जाणार नाही अशा बेताने. धरणाचा मुद्दा पुण्याच्या बाबतीत फार महत्त्वाचा आहे. फॉस्फरस १ ची मर्यादा तलावात सोडण्यासाठी आहे, आम्ही नदीत सोडतो, असं महापालिका म्हणणार. पण मुळा-मुठा भीमेला मिळते आणि भीमा उजनीत साठते. हे पाणी शेवटी साठलेल्याच पाण्यात जातंय हे नकाशा, अंतर आणि जलाशयातल्या शेवाळाच्या नोंदी लावून मांडा. या युक्तिवादावर भांडण होईल, पण तो टाकलाच नाही तर नदीवरच्या शहराच्या केसमधून फॉस्फरस पहिल्याच दिवशी बाहेर पडेल.

महापालिकेचे ठरलेले बचाव

"पैसे नाहीत." यावर रतलाम नगरपालिकेचा १९८० चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, विषय गटारांचाच होता, आणि पैशाची अडचण सांगून नगरपालिकेला वैधानिक कर्तव्यातून सुटता येत नाही असं कोर्टाने स्पष्ट म्हटलंय. "प्लांट जुन्या डिझाइनचा आहे." एप्रिल २०१९ च्या ऑर्डरमध्ये जुने प्लांट धरलेत, शिवाय डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल) मागा, त्यात न्यूट्रियंटची तरतूद असून टेंडरमध्ये कापली का ते बघा. "समुद्रात सोडतो." किनारी शहरात हा मुद्दा खरा असू शकतो, २०१७ च्या नोटिफिकेशनमध्ये खोल समुद्रातल्या आउटफॉलसाठी सवलत आहे, पण सोडण्याच्या जागी १५० पट आणि १०० मीटरवर १,५०० पट पाणी मिसळलं पाहिजे अशी अट आहे. ते मोजल्याचा अभ्यास मागा. खाडीत सोडणाऱ्याला ही सवलत मागताना घाम फुटतो.

"एनजीटीला स्वतःहून असं करता येत नाही" हा बचाव मात्र संपलाय, मुंबई महापालिकाच तो घेऊन सुप्रीम कोर्टात गेली होती आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला हरली.

संयुक्त समिती आली की झोपू नका

बहुतेक केसमध्ये एनजीटी पहिल्या-दुसऱ्या तारखेला समिती नेमतं, एमपीसीबी, सीपीसीबी, जिल्हाधिकारी. लोकांना वाटतं जिंकलो. इथूनच खरं काम. समितीला लेखी द्या की एकूण नायट्रोजन आणि फॉस्फरस तपासा, आधी न कळवता या, एकदाच भरलेल्या सॅम्पलऐवजी २४ तासांचं कंपोझिट (थोड्या थोड्या वेळाने भरून एकत्र केलेलं) घ्या, आणि बायपास गेट बघा. पाहणीला हजर राहायची परवानगी ऑर्डरमध्येच मागून घ्या. अहवाल आला की कॉपी मिळवून आक्षेप दाखल करा. सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये सुरतच्या कचरा डेपोच्या प्रकरणात बजावलंय की निवाड्याचं काम समितीवर सोपवता येत नाही, त्यामुळे अहवालात न्यूट्रियंट वगळले असतील तर त्यावर ट्रिब्युनलने स्वतः निर्णय द्यावा असा आग्रह धरा. दुसऱ्या बाजूनेही सावध, महापालिकेला अहवालावर बोलायची संधी न देता आलेली ऑर्डर अपीलात टिकत नाही, तेव्हा त्यांनी वेळ मागितला तर एक तारीख द्या.

मागण्या लिहिताना

मोठे आकडे बघून हुरळू नका. एनजीटीने सप्टेंबर २०२२ मध्ये घनकचरा-सांडपाण्यासाठी महाराष्ट्रावर १२,००० कोटींची भरपाई लावली होती, त्याला सुप्रीम कोर्टाची स्थगिती आली. नदीला यातून काय मिळालं? त्यापेक्षा लहान, मोजता येणाऱ्या मागण्या चालतात: कन्सेंटमध्ये नायट्रोजन-फॉस्फरसची अट अमुक महिन्यांत, आउटलेटचा रिपोर्ट दर महिन्याला वेबसाइटवर, अनॉक्सिक टप्पा किंवा रसायन मात्रेचा तारखांसह कृती आराखडा, तो चुकला तर बँक गॅरंटी जप्त, आणि भरपाईची रक्कम त्याच नदीवर खर्च. ४ ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टाने प्रदूषण मंडळं कलम ३३ए खाली स्वतःही नुकसानभरपाई बसवू शकतात असं म्हटलंय, तेव्हा "आम्हाला दंडाचा अधिकार नाही" असं मंडळ म्हणालं तर हा निकाल पुढे करा.

ऑर्डर आल्यावर पहिली तारीख चुकली की लगेच अंमलबजावणीचा अर्ज टाका. एनजीटी कायद्याच्या कलम २५ खाली एनजीटीची ऑर्डर दिवाणी हुकूमनाम्यासारखी बजावता येते आणि कलम २६ खाली ती न पाळणं हा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा कोटींपर्यंत दंड किंवा दोन्ही. समोरचा सुप्रीम कोर्टात गेला तर अपीलाला ९० दिवस असतात, तिथे आधीच कॅव्हेट टाकून ठेवा म्हणजे तुम्हाला न ऐकता स्थगिती निघणार नाही. आणि दर महिन्याचं सॅम्पल केस चालू असतानाही थांबवू नका, अंमलबजावणीच्या तारखेला ताजे आकडे लागतात.